पाण्याची ओळ

मोशीत राहणाऱ्या माणसाला नोकरीसाठी दोनच दिशा असतात. सोसायटीच्या गेटमधून निघून हायवेला लागलं की एकीकडे चाकण, दुसरीकडे भोसरी. बावीस वर्षं मी चाकणकडे वळलो. आता भोसरीकडे वळतो. अंतर कमी झालं, लवकर घरी येतात, असं बायको नातेवाइकांना सांगते. मी शेजारी बसून मान हलवतो.

चाकणला मी इंजिन टेस्टिंगच्या लॅबमध्ये होतो. मोटारीचं नवीन इंजिन तयार झालं की आमच्याकडे यायचं. काचेआडच्या खोलीत ते पक्कं बांधायचं आणि शेकडो तास पळवायचं, कुठे तापतं, कुठे गळतं, कधी मरतं ते लिहून ठेवायचं. बाहेरच्यांना हे काम कंटाळवाणं वाटे. मला आवडायचं. मग कंपनीने इलेक्ट्रिक गाड्यांचं मनावर घेतलं. एका मीटिंगमध्ये लॅब बंद होणार असल्याचं सांगितलं, दुसऱ्या मीटिंगमध्ये व्हीआरएसचे फॉर्म वाटले, आणि तिसरी मीटिंग झालीच नाही, कारण तोवर आम्ही घरी होतो.

आठ महिने घरी होतो. सकाळी बायको शाळेत शिकवायला जायची, मुलगी कॉलेजला. मी कुंड्यांना पाणी घालून मुलाखतीच्या फोनची वाट बघायचो. फोन यायचे, नाही असं नाही. समोरची मुलगी गोड आवाजात विचारायची, सर, बॅटरीवर काही काम केलंय का? नाही म्हटलं की आवाजातला गोडवा तसाच राहायचा आणि फोन परत यायचा नाही. एक्कावन्नाव्या वर्षी माणूस म्हातारा नसतो, पण त्याला तसं फोनवरून समजावण्यात येतं.

अशात भोसरीच्या एका शेठने बोलावलं. एमआयडीसीत त्याचं मध्यम आकाराचं वर्कशॉप आहे. टेस्टिंगचे स्टँड, हवा नेणारे पत्र्याचे डक्ट, धुराड्याचे पाइप असली कामं तो करतो. पूर्वी आमच्या लॅबची कामं घ्यायला तो माझ्या टेबलासमोर ड्रॉइंग घेऊन तास-तास बसलेला आहे, आणि मी त्याला उगाच बसवून ठेवलेलं आहे. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्याने जुनं काहीच काढलं नाही. चहा मागवला आणि म्हणाला, “तीन महिने बघू सर. तुम्हीपण बघा, आवडतंय का.” कोण कोणाला बघणार होतं हे दोघांनाही ठाऊक होतं. मला ही नोकरी टिकवायची होती. तेव्हा माझ्या डोक्यात याखेरीज दुसरं काहीही नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

तिसरा महिना सुरू झाला आणि विमानाचं इंजिन आलं.

लहान विमानांची दुरुस्ती करणाऱ्या एका कंपनीने ते पाठवलं होतं. पूर्ण उघडून नव्याने जोडलेलं चार सिलिंडरचं पिस्टन इंजिन. विमानावर परत चढवण्याआधी ते जमिनीवर चालवून त्याची ताकद मोजायची होती, आणि त्यासाठी बंदिस्त खोली, स्टँड, हवेचे डक्ट असं सगळं आम्ही बनवून द्यायचं होतं. शेठने हे काम घेतलं ते माझ्या भरवशावर. “इंजिन ते इंजिन, काय सर?” तो म्हणाला. मी हो म्हणालो. त्या महिन्यात मी कशालाही हो म्हणालो असतो.

टेम्पोतून पेटी उतरवली तेव्हा लेथवरची, वेल्डिंगवरची सगळी माणसं कामं टाकून जमली. झाकण निघालं आणि सगळ्यांची निराशा झाली. “एवढंच व्हय?” कोणीतरी म्हणालं. “याच्यापेक्षा आमच्या गावच्या ट्रॅक्टरचं मोठं आसतंय.” तरी सगळ्यांनी फोटो काढले. इंजिन आडवं होतं, दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे, आणि प्रत्येक सिलिंडरभोवती ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, एकावर एक, दाट. या पट्ट्यांना सगळे फिन म्हणतात. पुढचा पंखा काढून ठेवला होता. पंखा फिरवायला आमच्या शेडमध्ये जागा नव्हती, आणि ताकद मोजायची तर पंख्याच्या जागी डायनो जोडावा लागतो, म्हणजे इंजिनाला ओढ लावून त्याचा जोर मोजणारं यंत्र. ते मला पाठ होतं.

गर्दीत एक म्हातारा फिटर होता. सगळे त्याला मामा म्हणत, मीही म्हणू लागलो होतो. लातूरकडचा. तरुणपणी इकडे आला आणि दापोडीत खोली घेऊन राहिला तो राहिलाच. आधीची सगळी वर्षं स्कूटरच्या इंजिनांवर गेलेली, मग या वर्कशॉपात. माझ्याआधी इथली बरीच कामं नुसत्या त्याच्या अंदाजावर होत. बोलायला मवाळ, हाताला चपळ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बाकीचे फोटो काढून गेले तरी तो थांबला आणि फिनांवरून बोट फिरवत राहिला.

मी टेबलावर जाऊन हिशोब मांडला.

पिस्टन इंजिनाला किती हवा लागते हे काढणं अवघड नाही. आपल्या इंजिनाचं पोट, म्हणजे सगळ्या सिलिंडरांत मिळून मावणारी हवा, पाच लिटर नऊशे मिलीचं. जास्तीत जास्त वेग मिनिटाला सत्तावीसशे फेरे. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतं, म्हणून सत्तावीसशेचं निम्मं करायचं. कॉलेजची पोरं नेमकी हे निम्मं करायला विसरतात, आणि मी लॅबमध्ये त्यांना त्यावरून भरपूर बोलायचो. गुणाकार केला की मिनिटाला आठ हजार लिटरच्या थोडं अलीकडे येतं. पण पोट कधीच काठोकाठ भरत नाही. कार्ब्युरेटर अडवतो, व्हॉल्व्हची वाट अरुंद असते. म्हणून शंभरातले पंच्याऐंशी धरायचे. उत्तर पावणेसात हजार लिटरच्या आसपास. भोसरीत हवा लिटरमध्ये कोणी बोलत नाही, कंप्रेसरमुळे सगळे सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट यात, बोलतात. तर दोनशे चाळीस सीएफएम.

लॅब सोडताना मी माझी एक एक्सेल शीट सोबत आणली होती. ती माझीच होती, पंधरा वर्षं मीच वाढवलेली. इंजिनाचे चार आकडे टाकले की टेस्टच्या खोलीला काय काय लागेल ते सगळं खाली येई. एका ओळीत इंजिन ओढतं ती हवा, एका ओळीत धूर, एका ओळीत खोलीतली गरम हवा बाहेर काढायचा पंखा, आणि एका ओळीत पाणी. मोटारीचं इंजिन पाण्याने थंड होतं, त्याला मिनिटाला किती पाणी फिरवायचं ती ओळ.

या इंजिनाला पाणी नव्हतं. ना नळी, ना रेडिएटर. मी ती ओळ निवडली आणि डिलीट केली. शीट एका ओळीने आखूड झाली आणि मला हलकं वाटलं. पाण्याचा पंप नको, टाकी नको, पायपिंग नको. शेठला जाऊन सांगितलं, हे काम मोटारीच्या इंजिनापेक्षा सोपं आहे. शेठ खूश झाला. मी बऱ्याच महिन्यांनी कोणाला तरी खूश केलं होतं.

पाणी इंजिनातून जी उष्णता बाहेर नेतं, ती पाणी नसलं म्हणून संपत नाही. ती कशातरी जावीच लागते. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. हवेने थंड होणारी इंजिनं मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत त्यावर लिहिलंही होतं. पण बावीस वर्षं उष्णता म्हटलं की माझ्यासमोर पाण्याचा आकडा आला, आणि पाणी म्हटलं की ती ओळ. ओळ गेली आणि तिच्याबरोबर उष्णताही माझ्या डोक्यातून गेली. विमानावर पुढचा पंखा फिरतो तेव्हा त्याचा वारा त्या फिनांतून जातो आणि इंजिन जिवंत राहतं. आम्ही पंखा काढला होता आणि त्याच्या जागी वारा घालायचं मी विसरलो होतो.

ड्रॉइंग काढून मामाकडे दिलं. त्याने ते दोन्ही हातांनी धरून बराच वेळ पाहिलं.

“बाकी झ्याक हाय साहेब,” तो म्हणाला. “पर ह्या फिना हायत न्हवं, त्येचं एकदा बगून घ्या.”

“बघितलंय मामा.”

“हां, मंग ठीक हाय.”

तीन-चार दिवसांनी डक्टचा पत्रा वाकवून झाला. तो कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बाजूला, बसवून बघत होतो. मामा गुडघ्यावर बसला होता. त्याने खालून वर पाहिलं.

“समदी हवा हितूनच जानार व्हय साहेब?”

“इंजिन हवा तिथूनच घेतं, मामा.”

“व्हय, ते घेतंय तितूनच.” त्याने फिनांवर बोट टेकवलं. “स्कूटरला पत्र्याचा टोप आसतो बगा वरून. आत पंखा आसतो. एकदा बगून घ्या.”

मला आठवतं, मी हसलो. स्कूटर आणि विमान. संध्याकाळी घरी जाऊन बायकोलाही सांगितलं की आमचा मामा विमानाला स्कूटरचा टोप घालायला निघालाय. तीही हसली. बऱ्याच दिवसांनी मी कामावरचं काही तिला हसून सांगत होतो म्हणून ती जास्तच हसली असेल.

तिसऱ्यांदा तो बोलला ते चाचणीच्या आदल्या दिवशी. मी डायनोच्या वायरिंगवरून इलेक्ट्रिशियनशी फोनवर भांडत होतो. मामा समोर येऊन उभा राहिला, फोन संपेपर्यंत थांबला, आणि म्हणाला, “साहेब, येळ आसला तर एकदा बगून घेता का?” मी म्हणालो, “उद्या, मामा, उद्या.” उद्या काय ते मी विचारलंही नाही.

चाचणीला त्या विमानकंपनीचा एक इंजिनिअर आला होता. तिशीतला, शांत, हातात इंजिनाच्या मर्यादा लिहिलेला कागद. सिलिंडरचं डोकं दोनशे साठ डिग्रीच्या वर जाऊ द्यायचं नाही, त्याने बजावलं. प्रत्येक डोक्यावर एकेक सेन्सर लावलेला होता. शेठ नवीन शर्ट घालून आला होता. दुपारची वेळ. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि सगळी शेड थरथरली. लॅब बंद झाल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता.

हळूहळू वेग वाढवला. ओढ लावली. तेलाचा दाब बरोबर, तेलाचं तापमान बरोबर, ताकदीचा आकडा चढतोय. माझी नजर सवयीने तिथेच होती. डोक्यांची तापमानं पडद्याच्या कोपऱ्यात होती. एकशे ऐंशी. दोनशे दहा. दोनशे पस्तीस. मागचं डावं सिलिंडर सगळ्यांच्या पुढे.

“हे जास्त वाटतंय,” तो इंजिनिअर म्हणाला.

“सेन्सर ढिला असेल,” मी म्हणालो.

लॅबमध्ये हे वाक्य आम्ही दिवसातून दहा वेळा बोलायचो आणि त्यातल्या नऊ वेळा ते खरं असायचं. मी सेन्सरचं चॅनेल तपासायला लागलो. दोनशे पंचावन्न. दोनशे सत्तर. तेवढ्यात इंजिन बंद पडलं. मामाने कोणाला न विचारता इंधनाचा कॉक बंद केला होता. तो दाराशी उभा होता, हात अजून कॉकवर.

शेडमध्ये करपल्याचा वास होता. विमानकंपनीचा इंजिनिअर आवाज न चढवता म्हणाला की आता सिलिंडर उतरवून बघावे लागतील. ते नंतर उतरवले तेव्हा मागच्या डाव्या सिलिंडरला आतून ओरखडे आलेले होते, बाकीचे वाचले होते. आणखी अर्धं मिनिट गेलं असतं तर बाकीचेही गेले असते, असं त्याने कळवलं.

मी टेबलाशी जाऊन बसलो. दहा मिनिटांत चूक सापडली, कारण ती लपलेली नव्हतीच. इंजिन जेवढी ताकद देतं, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उष्णता त्या फिनांवरून जाते. तेवढी न्यायला किती वारा लागेल ते मांडलं. सुमारे दोन हजार सीएफएम. इंजिन पोटात घेतं त्याच्या आठपट. मी पोटापुरती हवा दिली होती आणि अंगावर घालायची सगळीच्या सगळी विसरलो होतो. मला वाटलं, झालं, आता पुन्हा कुंड्या.

शेठने आम्हाला केबिनमध्ये बोलावलं, मला आणि मामाला. मामाला खुर्ची होती पण तो बसला नाही.

मी लगेच सांगून टाकलं. हिशोब माझा होता, थंड करायचा वारा मी धरलाच नाही, चूक माझी. हे बोलताना माझा आवाज स्थिर होता आणि मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं. शेठने लांब श्वास सोडला. मग तो मामाकडे वळला.

“मामा, तुमचं उभं आयुष्य स्कूटरच्या इंजिनावर गेलं. त्यांना पण फिनाच असतात ना? तुम्हाला दिसलं नाही? सर मोटारीतले आहेत, त्यांचं एक वेळ ठीक. तुम्ही बोलायचं ना.”

मामाने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मला काय बोलायचं आहे ते मला स्वच्छ माहीत होतं. शेठ, ते बोलले होते. तीन वेळा बोलले. मीच ऐकलं नाही. एवढंच होतं. पण हिशोबात चुकलेला माणूस एक, आणि सांगूनही न ऐकणारा माणूस वेगळा. पहिल्याला ठेवतात. दुसऱ्याला तीन महिने बघून झाल्यावर कोण ठेवील? हे सगळं मी तेव्हा इतकं नीट मांडलं नव्हतं, पण पोटात ते तसंच होतं. मी समोरच्या कागदाकडे बघत राहिलो.

“चुकलं शेठ,” मामा म्हणाला. “म्या बोलाया पायजे हुतं.”

“पुढच्या वेळी तोंड उघडत जा,” शेठ म्हणाला. मग मला म्हणाला, “सर, तुम्ही लगेच कबूल केलंत. असं कोणी करत नाही. हे मला आवडलं.”

त्या आठवड्यातच त्याने मला कायम केलं. बायकोने पेढे आणले. मी एक खाल्ला. मुलीने विचारलं, बाबा, थकलात का? मी हो म्हणालो, आणि ते खरंच होतं.

पुढचं काम सुरळीत झालं. मोठा ब्लोअर आणला. फिनांवर वारा नीट बसावा म्हणून इंजिनाला वरून पत्र्याचा टोप केला. तो मामानेच बनवला, मापं त्यानेच घेतली, आणि मला फक्त वाऱ्याचा आकडा विचारला. दुरुस्त होऊन आलेलं इंजिन दोन तास सलग चाललं, डोकं दोनशेच्या वर गेलं नाही. विमानकंपनीच्या इंजिनिअरने माझ्याशी हात मिळवला. मामा तेव्हा पाने पुसून पेटीत ठेवत होता.

मला ते बोचत होतं. नोकरी टिकल्यावर बोचायला लागलं, आधी नाही, हेही खरं आहे. एक दिवस दुपारच्या सुट्टीत मी मामाला गेटबाहेरच्या टपरीवर चहाला घेऊन गेलो. वडापावच्या तळणीचा धूर, बाजूला शेअर रिक्षावाल्यांचा गलका. मी म्हणालो, “मामा, तुम्ही मला तीन वेळा सांगितलं होतं.”

“म्या?” तो म्हणाला. “म्या कवा सांगितलं साहेब? म्या म्हनलं, बगून घ्या.”

“तेच ते.”

“तेच,” तो म्हणाला आणि बशीत चहा ओतला. “आमी काय चुकलं आसं म्हनत न्हाई कंदी. इंजिनेर मानसाला फिटरनं चुकलं म्हनायचं नसतंय. बगून घ्या म्हनायचं. ज्येला कळायचं त्येला कळतंय.”

“शेठसमोर मी सांगायला हवं होतं.”

तो चहा पीत राहिला. मी वाट बघत होतो की तो म्हणेल, जाऊ द्या साहेब. आपल्याकडे माणसं तसं म्हणतातच, आणि मग जातंच ते. त्याने बशी रिकामी केली, तिच्यात कप ठेवला, आणि म्हणाला, “चला, टाइम झाला.” आम्ही परत आत गेलो.

त्यानंतर त्याच्या वागण्यात बोट ठेवण्याजोगं काही नव्हतं. साहेब म्हणायचा, काम चोख करायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. मी ड्रॉइंग दिलं की घ्यायचा. फक्त आधी तो ड्रॉइंग हातात घेऊन थांबायचा ते थांबणं बंद झालं. माझे हिशोब बरोबर येत होते म्हणून थांबत नसेल, असं मी स्वतःला सांगायचो. मी आता प्रत्येक शीट तीनदा तपासत होतो. रात्री जेवताना मनात आकडे फिरवायचो. बायको म्हणायची, तिकडे लॅबमध्ये एवढं नव्हतं. तिकडे माझं तपासायला सहा जण होते.

गेल्या महिन्यात एका जनरेटरच्या खोलीचं काम आलं. सोपं काम. हवा आत घ्यायची खिडकी आणि गरम हवा बाहेर जायचा डक्ट. हिशोब केला, ड्रॉइंग काढलं, आणि मग मी एक गोष्ट केली जी मी इथे पहिल्यांदाच सांगतोय. बाहेर जायच्या डक्टचं माप मी मुद्दाम निम्मं लिहिलं. इतकं लहान की जनरेटर तासाभरात गुदमरून बंद पडेल. कुठल्याही फिटरला नुसत्या नजरेला खटकावं एवढं लहान.

कागद घेऊन मी मामाकडे गेलो. तो ग्राइंडर खाली ठेवून उठला. त्याने कागद घेतला, चष्मा वर सरकवला, आणि मापं वाचू लागला. त्याचं बोट ओळीवरून सरकत त्या आकड्यावर आलं आणि तिथे थांबलं. मी बघत होतो. ते बोट तिथे चांगलं पाच-सहा सेकंद होतं. त्याला दिसलं होतं. यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

“काय मामा?” मी विचारलं. “काही बघून घ्यायचंय का?”

“न्हाई साहेब,” तो म्हणाला. “तुमी काडलंय म्हनजे बरोबरच आसंल.”

त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली, पत्र्याच्या रॅककडे गेला, शीट ओढून काढली आणि तिच्यावर निम्म्या मापाची रेघ मारायला लागला. मी तिथे उभा राहिलो. वाटलं, रेघ मारून झाल्यावर तरी वर बघेल. त्याने कात्री उचलली तेव्हा मीच पुढे झालो, आणि म्हणालो, थांबा मामा, माझं चुकलंय. त्याने कात्री खाली ठेवली, खिशातून कागद काढून माझ्या हातात दिला, आणि मी नवीन आकडा लिहून देईपर्यंत बाजूला उभा राहिला.